फोटोसारखी मावशी

नोटरीबाईंचा नियम हा त्या अख्ख्या मजल्यावर चेष्टेचा विषय होता. सही करणारा माणूस समोर हवा, ओळखपत्र मूळ हवं, आणि माणूस फोटोतल्यापेक्षा थोडा तरी उतरलेला हवा! शेजारचे वकील यावर हसून हसून बेजार होत. हसोत बापडे.

त्या दुपारी एक भाचा मावशीला घेऊन आला. तिचं राहतं घर विकायचे अधिकार त्याला देणारं कुलमुखत्यारपत्र होतं. सही-शिक्का झाला की घर गेलंच.

ओळखपत्र अस्सल, बारा वर्षांपूर्वीचं. बाईंनी फोटो पाहिला, मावशीला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. तोच निळा स्वेटर. कानामागून सुटलेली तीच बट. गालावर फ्लॅशची तीच चकाकी, आणि खोलीत तर दिवाही लावलेला नव्हता.

"मावशी, जरा मान वळवता?"

"तिची मान दुखते," भाचा घाईघाईने म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

"मी राजीखुशीने देतेय," मावशी म्हणाली. तिची पापणी लवली नाही.

बाईंनी शिक्का बाजूला सरकवला. नियम तो नियम. घराच्या कागदांवर मावशीचा फोन नंबर होता, तो त्यांनी लावला.

"हॅलो, कोण?" पलीकडून तोच आवाज आला, जरा खोकत.

समोरची मावशी तशीच बसून होती.

"तुमचं ओळखपत्र कुठंय?"

"अहो, महिनाभर शोधतेय मी!"

"माझ्याकडे आहे. न्यायला स्वतः या."

भाचा ताडकन उठला. ओळखपत्र तिथेच टाकून, शेजारी बसलेल्या त्या मावशीचा हात धरून तो पळाला.

तासाभराने खरी मावशी धापा टाकत जिना चढून आली. केस पिकलेले, पुढचा दात गेलेला, फोटोशी जेमतेम जुळणारी. बाईंना तिला मिठीच मारावीशी वाटली. 'मी कुणालाही अधिकार दिलेला नाही' असं प्रतिज्ञापत्र मावशीने खणखणीत आवाजात वाचलं आणि सही ठोकली. बाईंनी शिक्का असा हाणला की वकील डोकावले.

"घर वाचलं!" बाई म्हणाल्या. वकिलांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

मावशी तोऱ्यात बाहेर पडली. जिन्यात भाचा एकटाच बसला होता.

"मावशी, आज तुझ्याकडे झोपायला येऊ?"

"का रे? तुला घर नाही?"

"घरी ती बसलीय," तो म्हणाला. "पोरं तिला आजी म्हणायला लागलीत."