टाचा टेकल्या तेव्हा

ही हकिकत माझ्या सख्ख्या मावसभावाची आहे. वासुदेव त्याचं नाव, आम्ही वासूदादा म्हणतो. पटली नाही तर खुशाल सोडून द्या. पण "रचलंय" म्हणायचं असेल तर त्याच्या तोंडावर म्हणा. तो कुणाला घाबरत नाही, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

तारीख पक्की लक्षात आहे. शुक्रवार, १४ जून २००२.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच ऐकून ठेवा. हे भर दुपारी घडलं. दुबईपलीकडे, मसाफीहून फुजैराकडे उतरणाऱ्या डोंगरातल्या रस्त्यावर, डोक्यावर सूर्य तापलेला असताना.

वासूदादा मूळचा देवगडकडचा. दुबईत एका कंपनीत फोरमन होता. अल कुसैसच्या खोलीत त्याच्यासोबत रत्नागिरीचा खैरुद्दीन राहायचा. अकरा वर्षं दोघेही कंपनीच्या बसने साइटवर जायचे. खिडक्यांना गज, बाकं कडक. ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळे पुढच्या बाकावर आपटायचे.

"अकरा वर्षं दुसऱ्याच्या ब्रेकवर नाक आपटलं," वासूदादा म्हणायचा, "आता ब्रेक माझा."

म्हणून त्याने मोटारसायकल घेतली. साधीसुधी नाही. लांबच्या प्रवासाची, डांबरावरही पळणारी आणि खडकातही चढणारी. रुंद हँडल, फुगीर टाकी, लांब शॉकअप. शोरूममधून कोरी करकरीत.

देशात बायकोला फोन केला. संपदावहिनी एवढंच म्हणाली, "ती परत करा, मग बोलू." आणि फोन ठेवला.

खैरुद्दीन तर डोक्याला हात लावून बसला. "वासू, ह्या उमरीत ही मस्ती? हात-पाय मोडले तर कंपनी घरी पाठवेल. खलास!"

"पाठवू दे. गाडी विकणार नाही."

आख्ख्या आयुष्यात त्याने स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू होती. तेवढं लक्षात ठेवा.

गाडीत एकच खोट होती, आणि तीसुद्धा गाडीची नव्हे, वासूदादाची. गाडी उंच आणि हा पाच फूट चार इंच. सीटवर बसलं की दोन्ही पायांचे नुसते चवडे टेकायचे, टाचा अधांतरी. पहिल्याच सिग्नलला गाडी कलंडता कलंडता वाचली. शेजारच्या पिकअपमधला पठाण पोट धरून हसला.

पण शहर मागे पडलं आणि गाडीने रंग दाखवला. दाइदच्या पुढे वाळूची टेकाडं सुरू झाली तशी ती मोकळी सुटली. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. खड्डा आला कधी, गेला कधी, कंबरेला पत्ता नाही. हेल्मेटच्या आत वासूदादा मोठमोठ्याने हसत होता. आपण एवढे हसू शकतो हे त्याला त्या दिवशी कळलं.

फुजैराला बंदरावर त्याचा जुना दोस्त दगडू होता. जेवायला तिकडे जायचं ठरलं होतं.

मसाफी ओलांडलं तेव्हा जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती. दुकानं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. उतार लागायच्या आधी उजव्या हाताला त्याला दगडांची एक रास दिसली. गुडघाभर उंच. कुणीतरी हाताने रचलेली. वरच्या दगडाखाली उन्हाने विटलेली निळ्या कापडाची चिंधी.

आता, कोकणातला माणूस घाट उतरायच्या आधी काय करतो? गाडी थांबवतो. वाटेच्या राखणदाराला नारळ देतो, गाऱ्हाणं घालतो. परदेशात राखणदार कुठला, असं दुसरा कुणी म्हणाला असता. वासूदादाच्या मते वाट आली की तिचा धनीही आला. कुसैसच्या दुकानातून घेतलेला नारळ डिकीत होताच.

त्याने गाडी बाजूला घेतली, बूट काढले, चटके सोसत रासेपुढे उभा राहिला. दगडावर नारळ फोडला आणि हात जोडले.

"बा महाराजा, ह्या वाटेच्या राखणदारा… आज नव्या गाडयेर बसान तुझ्या वाटेक इलंय. पयलो मान तुझो. माझ्या वांगडा ये, सोबत कर, आणि सुखरूप पोचव रे महाराजा!"

गावात गाऱ्हाण्याला मागून सगळे "होय महाराजा" म्हणतात. इथे म्हणणार कोण? तरी सवयीने तो क्षणभर थांबला.

वारा पडलेला होता.

आणि…

रासेतला एक छोटा दगड सुटला. खट् करून त्याच्या पायाशी आला.

"तापला असेल," वासूदादा स्वतःशी म्हणाला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, बूट चढवले आणि गाडीवर बसला.

बसला…

आणि त्याच्या टाचा जमिनीला टेकल्या.

दोन्ही. पूर्ण.

आधी त्याला बरंच वाटलं. मग खटकलं. सकाळपासून अधांतरी असलेल्या टाचा आता कशा टेकल्या? तो उतरून खाली वाकला. टायरमध्ये हवा होती. जमीन सपाट होती. गाडी चार हात पुढे ढकलून बघितली. ढकलताना जड लागली.

मागून वाकून पाहिलं. मागचा शॉकअप दबलेला होता.

मागच्या माणसाचे पाय ठेवायचे फूटरेस्ट सकाळी मिटलेले होते. त्याने स्वतः मिटले होते…

आता दोन्ही उघडे होते.

दुसरा कुणी असता तर गाडी तिथेच टाकून पळाला असता. वासूदादाही घाबरला होता, तो ते लपवत नाही. पण गाडी सोडून जायचं म्हणजे काय? रागाने त्याने सेल्फ मारला.

पहिलं वळण आलं.

गाडी वळेना.

दोघं बसले असले आणि मागचा माणूस ताठ बसून राहिला की काय होतं, हे गाडी चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. पुढचा डावीकडे झुकतो आणि मागचं वजन गाडी उजवीकडे ओढतं. तसंच झालं. गाडी बाहेर बाहेर सरकत कठड्यापर्यंत गेली. खाली वाडी, म्हणजे तिकडची कोरडी नदी, नुसते धोंडे. कशीबशी सावरली.

दुसऱ्या वळणाला पुन्हा तेच. समोरून पाण्याचा टँकर येत होता. त्याचा भोंगा कानाशी वाजला आणि आरसा वीतभर अंतरावरून गेला.

तेव्हा वासूदादाचं डोकं फिरलं. त्याने मागे न बघता हेल्मेटच्या आतून बोंब मारली.

"बसायचं तर नीट बस! मी झुकलो की तूही झुकायचं! मला मारलंस तर पोचवणार कोण तुला?"

तिसरं वळण आलं.

वासूदादा झुकला…

आणि मागचं वजन त्याच्याबरोबर अलगद झुकलं.

गाडी लोण्यासारखी वळली. तिथून फुजैरापर्यंत एकही वळण चुकलं नाही.

दगडूच्या खोलीवर तो आधी घटाघटा पाणी प्यायला आणि मग त्याने सगळं सांगितलं. रासेचं, नारळाचं, गाऱ्हाण्याचं. दगडू आधी हसत होता. निळ्या चिंधीचं ऐकलं आणि त्याने हातातला भाताचा डाव खाली ठेवला.

"वासू, तो राखणदार नाय. ते दगड आम्ही रचले."

"आम्ही म्हणजे?"

"बंदरावर यायच्या आधी मी खडीच्या क्रशरवर होतो ना, त्या कॅम्पमधली पोरं. चार वर्षं झाली. प्रल्हाद म्हणून होता, लांज्याचा. तीन वर्षांनी त्याला सुट्टी मिळालेली. त्या दिवशी जुम्मा. कंपनीची गाडी आलीच नाय. संध्याकाळचं फ्लाइट. तेव्हा आमचे पासपोर्ट कंपनीकडे असायचे. त्याचा पासपोर्ट घेऊन ऑफिसचा माणूस एअरपोर्टवर उभा राहणार होता. मग हा बॅग घेऊन चालत रोडवर आला, लिफ्ट मागायला."

"मग?"

"दोन-तीन गाड्या गेल्या म्हणे. कुणी थांबलं नाय. ऊन लागून तिथेच पडला. चिंधी त्याच्या शर्टाची. आम्हीच लावली."

वासूदादाने पुढचं ताट बाजूला सारलं.

"बॉडी?"

"गेली ना गावाला. पेटीतून. मी स्वतः सह्या केल्या." दगडूने दाराबाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "ती गाडी तू इथेच ठेव, टॅक्सीने जा. उद्या कुणाला तरी विकून टाक."

वासूदादा उठला. म्हणाला, "एकदा गाड्या थांबल्या नाहीत तिथे. आता मीही रस्त्यात उतरवू काय त्याला?"

तो तडक दुबई एअरपोर्टला गेला. डिपार्चरसमोर गाडी उभी केली. टाचा टेकलेल्याच होत्या.

"प्रल्हाद, आला बघ एअरपोर्ट. उतर बाबा."

लोक ट्रॉल्या ढकलत होते. पोलीस बघायला लागला.

"उतर. पोचलास."

तो वाट बघत राहिला. टाचा उचलल्या जातील, गाडी हलकी होईल…

काही झालं नाही.

मग त्याच्या ध्यानात आलं. दरवाज्यापाशी पासपोर्ट घेऊन कुणीच उभं नव्हतं.

वासूदादा रडला तेव्हा. गाडीवर बसूनच. मग नाक पुसलं आणि म्हणाला, "बस मग. बघू पुढे."

खैरुद्दीनने किती परीनं सांगितलं. एका मौलवींचं नाव सुचवलं, देवळात जा म्हणाला. शेवटी हात जोडले, "वासू, विक ती गाडी!"

"विकली आणि नवीन मालकाने ह्याला भलतीकडेच नेलं तर? बोलावलं मी. पयलो मान तुझो म्हटलं मी. माझी गाडी, माझी मागची सीट. तिथे कोण बसणार ते मी ठरवणार."

संपदावहिनीला हे कुणी सांगितलं नाही. ती अजून त्या गाडीवर चिडलेली आहे.

आता माझं ऐका. तोपर्यंत मीही हसत होतो. वासूदादा उन्हात फार फिरतो, असं म्हणत होतो.

पुढच्या वर्षी जुलैत ऑफिसच्या कामाने मी आठ दिवस दुबईला गेलो. एकदाही त्याने मला गाडीवर बसवलं नाही. "मागे जागा नाही रे," म्हणायचा. निघायच्या दिवशी मला टॅक्सीत घातलं आणि स्वतः गाडीने पुढे निघाला. सिग्नलला टॅक्सी त्याच्या बाजूला थांबली. मी वाकून पाहिलं.

टाचा टेकलेल्या. मागे कुणी नाही.

"शॉकअप सैल करून घेतला असणार," मी म्हटलं.

एअरपोर्टवर त्याने गाडी उघड्यावर लावली. दुपारचे साडेबारा. वर छप्पर नाही, झाड नाही. पोलाद वितळेल असं ऊन. मी बॅग खाली ठेवली आणि त्याला चिडवायला म्हणालो, "दादा, तुझ्या दोस्ताला भेटू तरी दे." टाकीला हात लागला तर असा चटका बसला की मी ओरडलो. पुढच्या सीटवर बोट टेकवेना.

मग मी मागच्या सीटवर तळवा ठेवला. काळं रेक्झिन. त्याच उन्हातलं…

चटका बसला नाही.

बर्फासारखं गार वगैरे काही नव्हतं. सावलीत ठेवलेली वस्तू लागते तसं लागलं.

मी वर पाहिलं. वर नुसता सूर्य होता.

"हात काढ," वासूदादा साध्या आवाजात म्हणाला. "त्याला बसू दे. यल्ला, पळ, फ्लाइट चुकेल तुझं."

गाडी अजून त्याच्याकडेच आहे. दर शुक्रवारी तो एअरपोर्टवरून एक चक्कर मारतो. दाराशी कुणी उभं आहे का, ते बघतो.

मी मात्र तेव्हापासून कुणाच्याही गाडीवर मागे बसण्याआधी सीटवर हात ठेवून बघतो. चटका बसला तरच बसतो.