फिनिशच्या पुढचे चौकोन

आमच्या घरात भुताखेतांवर कोणाचाच विश्वास नव्हता. बाबा तर असल्या गोष्टींची टिंगलच करायचे. म्हणून हे लिहायला हात धजत नव्हता.

पण जे घडलं ते भिलाईत, जामुलच्या बाजूला, सकाळच्या उजेडात घडलं. पाहणारी मी एकटी नव्हते.

शेवटचा साधा दिवस शनिवार होता.

माझे बाबा, लहानू रामटेके, स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर हौशी पोरांच्या ऑटोक्रॉससाठी कोर्स आखायचे. मोकळ्या मैदानात नारिंगी कोन लावून वाट तयार करायची. दोन कोन म्हणजे एक गेट. एका वेळी एकच गाडी सोडायची, आणि कोण कमी वेळात येतं ते बघायचं.

मैदान म्हणजे एका बंद गोदामाचं सिमेंटचं आवार.

त्या दुपारी बाबा माझ्या ऑल्टोजवळ उभे होते.

"उभं राहून पाहू नको, दामिनी. सीटवर बस. पुढचा गेट दिसते का?"

"दिसते."

"अन् त्याच्या पुढचा?"

"तोही."

"मंग जमलं. डायवरले रस्ता शोधा लागला, म्हणजे आखणाराच गधा."

"लय सोप्पा करून राहिले तुमी."

"चालवून दाखव मंग. तुह्या शाळेच्या पेपरासारखं नाही हे. इथं सवाल समजते, जवाबच जमत नाही."

मग खडू घेऊन ते प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती चौकोन काढत गेले. गाडीने कोन उडवला, तर तो त्याच जागी परत ठेवता यावा म्हणून.

आवाराच्या टोकाला एक खड्डा होता. ट्रक तोलायचा धरमकाटा कोणीतरी उखडून नेला होता, त्याचा. बाबा तिकडे गाडीचं तोंडसुद्धा होऊ देत नसत. फिनिश त्याच्या खूप अलीकडे, आणि पुढे ब्रेक मारायला मोकळी जागा.

रविवारी सकाळी बाबा उठले नाहीत.

दोन महिन्यांनी धम्मपाल काका घरी आले. बाबांचे जुने दोस्त. क्लब तेच सांभाळतात.

"लहानूचाच कोर्स लावू. तुले आठवते न?"

मला आठवत होता. शनिवारी संध्याकाळी मी तो गेट न् गेट लावला. फिनिशही जिथल्या तिथे.

रविवारी सकाळी धुकं होतं. कोर्स बरोबर लागला का ते बघायला पहिली गाडी माझीच निघाली. फिनिशवर क्लबमधला शुभम झेंडा घेऊन उभा होता.

पहिलं गेट. दुसरं. मग नागमोडी रांग.

मला काही ठरवावं लागत नव्हतं. नजर आपोआप पुढच्या गेटवर जात होती. हात नजरेमागून.

फिनिश आलं…

आणि त्याच्या पुढे मला अजून एक गेट दिसलं.

ते मी लावलेलं नव्हतं.

तरी पाय ब्रेकवर गेला नाही. त्याच्या पुढचं दिसलं. मग त्याच्या पुढचं. इतका सुंदर कोर्स मी आजवर चालवला नव्हता.

आणि मग…

पुढचं गेट दिसेना.

मी ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली आणि थांबली. पुढच्या चाकापासून खड्डा हातभरही लांब नव्हता.

शुभम धावत आला. "दीदी, फिनिश तो पीछे रह गया. इधर कहाँ आ गए आप?"

"हे गेट कोणी लावले?"

"कौनसे गेट?"

मी वळून पाहिलं.

एकही कोन नव्हता.

होते फक्त चौकोन. खडूचे. दोन-दोन करत, फिनिशपासून खड्ड्यापर्यंत.

तोवर धम्मपाल काकाही येऊन पोचले. त्यांनी वाकून एका रेघेवर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"पोट्ट्याइनं मस्ती केली असन," ते म्हणाले. पण बोट पुसायचं विसरले.

दवाने सगळं सिमेंट ओलं होतं. चौकोनांच्या आतली जागा तेवढी… कोरडी होती.

खड्ड्याच्या काठावरचा शेवटचा चौकोन अर्धवट होता. चौथी रेघ ओढायची राहिली होती.

तेवढ्यात आवाज आला.

घस… घस…

सिमेंटवर खडू ओढल्याचा. खालून. खड्ड्यातून.

आत धुकं साचलं होतं. तळ दिसत नव्हता.

शुभम मागे सरकला. काका हळूच म्हणाले, "लहानू?"

घस… घस…

"दामिनी, चाल इथून."

"तुमी व्हा पुढं, काका. मी आली."

जो माणूस गाडीचं तोंड तिकडे होऊ देत नव्हता, त्याने माझ्यासाठी वाट तिकडेच का आखली? तो मला बोलावत होता, की फिनिश कुठे आहे हे त्यालाच कळत नव्हतं? मला आजही सांगता येत नाही. गाडी चालवताना समोरचा रस्ता फार सहज दिसू लागला, की मी बाजूला घेऊन थांबते.

त्या सकाळी मात्र मी काठावर गुडघे टेकून बसले.

दोन महिने बाबांसाठी फोन येत होते. ते आता बोलू शकत नाहीत, एवढंच मी सांगायचे. त्यापुढचं वाक्य तोंडातून एकदाही निघालं नव्हतं.

खालचा आवाज थांबला. कोणीतरी ऐकायला थांबावं, तसा.

"बाबा," मी म्हणाले, "तुमी मेले."