रुखवतात गेलेली चासी

"काल सांजच्याला हितंच वाळत ठेवली होती," शिवानी म्हणाली. "आता न्हाय."

शिवांजलीने शिवानीच्या आजोबांच्या वेल्डिंगच्या दुकानापुढची जागा पुन्हा पाहिली. दोन विटा होत्या, विटांवर काळ्या रंगाचे ओघळ होते. चासी तेवढी नव्हती.

चासी म्हणजे ॲम्प्लिफायरचा सांगाडा. पत्र्याचा, खालून उघडा, वर गोल भोकं पाडलेला डबा. भोकांत काचेचे व्हॉल्व्ह उभे राहतात, शेजारी जड ट्रान्सफॉर्मर बसतो आणि मग त्याला जोडलेली गिटार अख्ख्या सास्तूर गावात ऐकू जाते. निदान उत्तरेश्वरकाका तसं सांगायचे. ते एके काळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. काकू गेली आणि गिटार कपाटामागं गेली. जुन्या रेडिओतून काढलेले व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यातल्या पाटीत धूळ खात पडले. "चासी मिळाली की जोडू," असं काका म्हणायचे. पुढं तेही म्हणेनासे झाले. मागच्या आठवड्यात मात्र बोलले. "भंगारवाला आला की ती पाटी देऊन टाका."

भंगारवाला उद्या येणार होता.

पोरांनी काय काय करून पाहिलं नव्हतं! बिस्किटाच्या डब्यावर ट्रान्सफॉर्मर ठेवला, तर डब्याचं पोट खपाटीला गेलं. स्टॅबिलायझरचं खोकं मिळालं, पण गंजलेलं इतकं की बोट आरपार गेलं. सुट्टीला धाराशिवहून आलेला शिवांजलीचा आतेभाऊ उत्कर्ष कॉम्प्युटरचा डबा एसटीतून मांडीवर घेऊन आला. तो पत्रा फुंकर मारली तरी वाकायचा. शेवटी शिवानीच्या आजोबांनी, चन्नबसप्पांनी, कपाटाच्या उरलेल्या पत्र्यातून चासी वाकवून दिली. भोकांची मापं काढून द्यायला काकांनी कितीतरी महिन्यांनी हातात पेन्सिल धरली. वर एक अख्खं वाक्य बोलले. "वायर जिथनं जाती त्या भोकात रबर घाला, न्हायतर पत्रा वायरीला खातो."

त्या एका वाक्यावर शिवांजली दोन दिवस जगली होती. आणि आता नुसत्या विटा.

"चोर असता तर मशीन नेली असती," उत्कर्ष उकिडवा बसत म्हणाला. "हे बघ काय." विटेवरच्या ओल्या रंगात सोनेरी जरीच्या फितीचा तुकडा चिकटला होता.

शिवानीने कपाळावर हात मारला. "दगडाबाईआजी! सृष्टीताईचं लग्नाचं कपाट न्यायला सकाळी टेम्पो आलता. आजी रुखवताचं सामान चढवत होती. तिला दिसंल ते ती चढवती. आमची खुर्चीबी चढवली होती, आजोबा बसलेले होते म्हणून उतरवली."

तिघं दगडाबाईंच्या दारात गेले. नातीचं लग्न उद्यावर आलेलं, म्हातारी जागेवर ठरेना.

"भोकाभोकाचा डबा व्हय? लई झ्याक हाय. मला वाटलं, चन्नबसप्पानं पोरीला फुलदाणी केली. गेला तामलवाडीला, नवऱ्याच्या गावी."

"आजी, ती आमची चासी आहे," शिवांजली म्हणाली.

"आता रुखवत झालं ते. दिलेलं रुखवत मागं आणत न्हाईत. पोरीला वंगाळ असतं."

शिवांजलीने घरी येऊन काकांना सांगितलं. "उद्या आम्ही वऱ्हाडाबरोबर जातो नि घेऊन येतो. तोवर पाटी देऊ नका."

काका भिंतीकडे बघत होते. "व्हायचंच न्हवतं ते," म्हणाले आणि कुशीवर वळले. रागावले असते तर बरं वाटलं असतं तिला.

तामलवाडीच्या मांडवात रुखवत लाकडी बाकांवर मांडलं होतं. कपाट, परडीत साखरेची फळं, कापसाचा ससा, ओळीनं स्टीलची पातेली. मधोमध चासी. पण फुलं नव्हती तिच्यात. नवरदेवाचे चुलते ज्ञानोबा यांनी व्हॉल्व्हच्या भोकांत रंगीत दिवे बसवले होते. मागच्या भोकातून वायर ओढून सरळ बोर्डात. बँजोचा ठेका पडला की सगळं बाक थरथरायचं, आणि चासीही.

शिवांजली वाकून बघू लागली. भोकाची कडा कच्ची होती, रबर नव्हतं. प्रत्येक ठेक्याला पत्रा वायरीला घासत होता.

"शिवानी, टेस्टर आहे?"

वेल्डरच्या नातीच्या पर्समध्ये टिकल्या, रबरबँड आणि टेस्टर असायचाच. टेस्टर चासीला टेकवला. पेटला. चासीला चिकटून असलेल्या पातेल्याला टेकवला. तिथंही पेटला. बाकापुढं सरबत सांडलेलं आणि त्यात अनवाणी पोरं सशाकडं बघत उभी.

"पोरांनो, मागं सरा. कुणी हात लावू नका," ती ओरडली आणि ज्ञानोबांना गाठलं. "काका, डब्यात करंट उतरलाय. प्लग काढा."

"दिव्यांच्या सिरीजला थोडाफार असतोच," ज्ञानोबा फेटा सावरत म्हणाले. "तू काय वायरमन हायस का? जा, जेवून घे. बुंदी संपंल."

तिने बोर्डाकडं पाहिलं. प्लगपुढं कपाट लावलेलं होतं, मोठ्या माणसाशिवाय ते सरकणारं नव्हतं. घरीही कुणी ऐकत नाही, इथंही नाही.

तेवढ्यात माइकवर उत्कर्षचा आवाज घुमला. "वऱ्हाडी मंडळींनी लक्ष द्यावं. नवरदेवाचे काका ज्ञानोबा आता रुखवतातल्या दिव्याच्या डब्यावर हात ठेवून फोटो काढणार आहेत. फोटोग्राफर, या."

फोटोग्राफर आला. बँजो थांबला. सगळ्या मांडवाने माना वळवल्या. ज्ञानोबांचा हात निघाला, अर्ध्या वाटेत आला आणि तिथंच थांबला. शिवानीने शांतपणे टेस्टर पुन्हा टेकवून दाखवला.

"ठेवा की," उत्कर्ष माइकवर म्हणाला. "थोडाफारच असतो."

ज्ञानोबांनी कपाट सरकवलं आणि स्वतःच्या हातानं प्लग उपसला. वायर ओढून काढली, तर आतलं तांबं उघडं पडलेलं. एका बाईने आपलं पोर उचलून घट्ट धरलं.

मग मात्र कौतुकाचा पूर आला. नवरदेवाच्या वडिलांनी तिघांच्या हातात नारळ दिले. "पोरींनो, लेकरा, तुमच्यामुळं आज इपरीत टळलं. काय पायजे ते मागा."

"तो डबा," शिवांजली म्हणाली.

"रुखवत मागं न्यायचं नसतं," दगडाबाई पुटपुटल्या.

"आजी, रुखवत माझंच ना?" मुंडावळ्या बाजूला करत सृष्टीताई म्हणाली. "मग मी देते. तुझा नारळ मला दे, शिवांजली. म्हणजे बाक मोकळं दिसणार नाही."

परतताना गाडीत पोरं गात होती. शिवांजली चासी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिली. लोहाऱ्याच्या पुढं समोरून एक टेम्पो आला. पंखे, कूलर, पत्रे. भंगारवाला. तिने डोळे मिटून घेतले.

घरी कोपरा रिकामा होता. पाटी होती त्या जागी धूळ नसलेला गोल.

काका ओट्यावर होते. तिने काही न बोलता चासी त्यांच्यासमोर ठेवली. काकांनी ती फिरवली. त्यांचा अंगठा मागच्या भोकापाशी थांबला. तिथला रंग खरवडून पत्रा उघडा पडला होता.

"हितं वायर घासली."

"रबर नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं ना, म्हणून कळलं." मग तिने सगळं सांगितलं.

"कुणाला लागलं?"

"नाही."

काकांनी त्या खरवडलेल्या कडेवरून पुन्हा अंगठा फिरवला. "मला वाटायचं, मी बोलतो ते भिंत ऐकती," म्हणाले. "चांगलं बघितलंस, शिवे."

ते उठून आत गेले आणि एक जुना पायमोजा घेऊन आले. आत काहीतरी कागदात गुंडाळलेलं. व्हॉल्व्ह.

"हे काढून ठेवले. भंगारात काच घेत न्हाईत."

"मामा, घेतात," उत्कर्ष म्हणाला.

"म्हाईत हाय मला."

त्यांनी एक व्हॉल्व्ह शर्टाला पुसला आणि भोकावर टेकवला. तो उभा राहिला.

"पण ट्रान्सफॉर्मर गेला," शिवांजलीचा आवाज फुटला.

"गेला," काका म्हणाले. दुसरा व्हॉल्व्ह पुसता पुसता त्यांनी कोपऱ्यातल्या आपल्या धुळकट चपलांकडं पाहिलं. "हुडकायला लागंल."