घट्ट बसलेली चावी

जशीने एक्स-रेचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "बेन, उद्या चार वाजता मला चौकीवर बोलावलंय. येताना पोरीला सासूकडे ठेवून ये, असं फोजदारांनी सांगितलंय. म्हणजे काय ते मला कळतं. मी परत येणार नाही."

चार वर्षांची तेजल तिच्या साडीचा पदर मुठीत धरून उभी होती. तिला काहीच कळत नव्हतं.

झुबेदाबेन व्होरांनी आधी पोरीला खुर्चीवर बसवलं, मग आईला. बेननी वीस वर्षं छातीच्या इस्पितळात एक्स-रे काढले होते. लोकांच्या छातीत डोकावून कंटाळल्या, म्हणून आणंदला ही खोली घेऊन लोकांच्या भानगडींत डोकावायला लागल्या, असं परमार म्हणायचा. रमणिक परमार म्हणजे त्यांचा साथीदार, निवृत्त जमादार. माणूस सोन्यासारखा, पण डोक्याची गाडी जरा रुळावर यायला वेळ लागायचा. पहाटे खंभातहून निघालेल्या या बाईचं तोंड बघून त्याने आपला हलवासन मिठाईचा पुडा गुपचूप पोरीपुढे सरकवला.

"नवरा कसा गेला?" बेननी विचारलं.

"हवा जास्त झाली म्हणून."

"कमी झाली म्हणून," परमारने दुरुस्ती केली.

"नाही भाई. जास्त." जशीने डोळे पुसले. "अकरा वर्षं कारखान्यात अकिकाचा दगड घासला त्याने. छातीत तोच भरला. घरी हवेचा सिलिंडर होता. नर्सबाईंनी बजावलं होतं, चावी फिरवून काचेच्या नळीतली गोळी एकवर ठेव, वर नेलीस तर तो झोपेतच जाईल. मंगळवारी बाराला मी दवाखान्यात औषधाच्या रांगेत गेले. तीनला आले, तर तो गार पडलेला. जेठजी, म्हणजे त्याचे थोरले भाऊ, कारखान्यातून धावत आले, त्यांनी सिलिंडरवरचं फडकं ओढलं. गोळी पार वर चिकटलेली. आणि त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं."

"तुझ्याकडेच का?"

"चावी फक्त मला शिकवली होती. आणि..." ती अडखळली. "त्याला बघून माझ्या तोंडून निघालं, सुटला एकदाचा. अख्ख्या गल्लीने ऐकलं. बेन, आठ महिने तो बसून झोपत होता. एक घास खायला तीनदा थांबायचा. रोज म्हणायचा, जशी, चावी बंद कर, पुरे झालं. मी कानावर हात ठेवायची. सोमवारी म्हणाला, तू राहू दे, ज्याचं काळीज मोठं आहे त्याला सांगतो."

बेननी एक्स-रे खिडकीशी धरला.

"वय काय होतं लवजीचं?"

"चौतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी खंभातच्या बसमध्ये परमारने न राहवून विचारलं, "बेन, धूळ तर आपणही खातो. आपली छाती का नाही भरत?"

"आपली धूळ नाकात अडकते, खोकल्याने निघते. अकिकाची धूळ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ती श्वासनळीच्या फांद्याफांद्यांतून थेट टोकाच्या फुग्यांपर्यंत जाते. तिथे पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. जंतू आला की गिळायचा, पचवायचा, हे त्यांचं काम. त्या दगडही गिळतात. पण दगड पचतो का जमादार? पेशी फुटून मरते, दगड मोकळा. दुसरी गिळते, तीही मरते. प्रत्येक मेलेल्या पेशीमागे एक वण. वणावर वण साचून फुफ्फुस ताठ होतं. फुगत नाही, मिटत नाही."

"मग दगड बाहेर काढतात कसा?"

"काढत नाहीत."

परमारने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. पुढचा अर्धा तास त्याने सुपारीसुद्धा खाल्ली नाही.

दवाखान्यात नर्स सुशीला मेकवान भेटली. ती जशीच्या बाजूची होती आणि ते लपवत नव्हती.

"लवजीला वापरलेली हवा नीट बाहेर टाकता येत नव्हती," ती म्हणाली. "ती आत साचायची. मेंदूला तिची सवय झाली होती. प्राणवायू कमी पडतोय या एका धाकावर त्याचा श्वास चालला होता. वरून भरपूर दिला की धाक संपला. श्वास मंदावतो, गुंगी येते, चेहरा उलट गुलाबी दिसतो. दोन तासांत खेळ खलास."

"त्या दिवशी नंतर चावी तुम्हीच बंद केलीत?"

"केली कसली! हलेचना. घट्ट बसली होती. शेवटी शेजाऱ्याकडून पक्कड आणली, तेव्हा सुटली. माझे हात काही नाजूक नाहीत हो, पण एवढी कोणी आवळली देव जाणे."

बेननी मान हलवली. "उघडलेली चावी आवळली," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"म्हणजे रागाने उघडली," परमार म्हणाला.

"असेल. नर्सबाई, तीन वाजता असाच एक सिलिंडर लवजीच्या घरी पाठवा. फोजदार राठवांनाही मी निरोप देते."

लवजीचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा. ओट्यावर जशीची सासू मोंघीबा बसल्या होत्या. याच आठवड्यात पोरगा गेलेली म्हातारी, डोळे कोरडे झाले होते. जशी आत शिरताच त्यांनी मान फिरवली नाही, फक्त पाय आवरून तिला वाट दिली.

"बा, सिलिंडरला फडकं कोणी बांधलं होतं?" बेननी विचारलं.

"मीच. या घरात ताटावर धूळ, पाण्यावर धूळ. ती काच तरी स्वच्छ राहू दे म्हटलं. चावी खालून हाताला लागायची."

"मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. खोडो साडेबाराला जेवायला आला. मोठा माझा. रोटलो-छास खाल्ली, भावापाशी जाऊन बसला. गेला. मग माझा डोळा लागला."

"काही ऐकलंत?"

"त्या सिलिंडरच्या बाटलीतलं पाणी. रोज आपलं हळू बुडबुड करतं. त्या दिवशी भात उकळावा तसं गदगद करत होतं. मला वाटलं, हवा जोरात आहे, म्हणजे पोराला बरं आहे." मोंघीबा पदराने ओट्यावरची धूळ पुसू लागल्या. "फोजदारांना सांगितलं मी. ते म्हणाले, बा, तुम्ही झोपेत होतात."

"खोडाभाई असताना गदगद होत होतं की गेल्यावर?"

"तो आत होता तेव्हाच सुरू झालं वाटतं. पण तो तर काही बोलला नाही."

तेवढ्यात खोडाभाईच दारात आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, पापण्यांवर पांढरी धूळ. जशीने झटकन घुंगट हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"जेठाशी बोलत नाहीस?" बेननी हळूच विचारलं.

"आठ वर्षांत एक शब्द नाही. आमच्यात बोलत नाहीत. काही सांगायचं असेल तर बांकडून," जशी पुटपुटली.

खोडाभाई त्यांना कारखान्यात घेऊन गेला. एका मोटरच्या दोन टोकांना दगड घासायची दोन चाकं. उजवीकडे एक पोरगेलासा कारागीर, डावीकडे खोडाभाई. सोळा वर्षं त्याच बाजूला. चाक झिजलं होतं, ते उतरवून तो नवं चढवत होता.

"तुमचा संशय जशीवर का?" बेननी विचारलं.

"आं?"

"जशीवर का?"

"मग कोणावर घेऊ?" मोटर बंद झाली होती, पण तो ओरडूनच बोलत होता. "चावी उघडली कोणी, हाच सवाल आहे ना? बा हात लावत नाही. तिच्याशिवाय उघडणार कोण? माझ्या भावाला मारलं तिने. पोरीला मी वाढवीन. त्या बाईच्या हाती देणार नाही!" बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली. तो वाकला आणि कितीतरी वेळ सरळ होईना.

परमारला दया आली. त्याने पाना उचलला आणि चाकाचा नट आवळू लागला. जोर लावून उजवीकडे फिरवला.

"अहो जमादार!" खोडाभाई किंचाळला. "सैल करताय! सुटलं तर चाक छातीत येईल. या बाजूला सगळं उलटं. डावीकडे फिरवा, डावीकडे!"

उजव्या चाकावरचा कारागीर हसला. परमार ओशाळला. झुबेदाबेन मात्र हसल्या नाहीत. त्या गल्लीतल्या नळाकडे बघत होत्या. नळाला तोटीच नव्हती. पाणी सकाळी तासभर येई आणि आपसूक जाई.

"इथे घराघरात नळ आहेत का हो, खोडाभाई?"

"कुठले नळ, बेन? हेच एक."

"चला जमादार," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. गुन्हेगार सापडला की बेनचा चेहरा खुलतो, हे परमारला ठाऊक होतं, म्हणून तो जास्तच बुचकळ्यात पडला.

तीन वाजता खोलीत सगळे जमले. फोजदार राठवा घड्याळाकडे बघत होते. लवजीच्या रिकाम्या खाटेच्या उशाशी नर्सबाईंनी तसाच सिलिंडर उभा केला. बाटलीत पाणी, नळीला फडकं, गोळी एकवर. हळू बुडबुड चालू होती.

"साहेब, तिघांनाही मला एकच गोष्ट सांगायची आहे," बेन म्हणाल्या. "जशी, हे बंद कर."

जशी पुढे झाली, चावी उजवीकडे वळवली. बुडबुड थांबली. नर्सबाईंनी पुन्हा एकवर आणली.

"बा, तुम्ही."

"मला नाही गं येत. कुठे असतं तेसुद्धा माहीत नाही."

"खोडाभाई," बेन त्याच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "बंद करा."

खोडाभाई जागचा हलेना. सगळ्यांकडे बघून तो कसाबसा पुढे आला. फडक्याखाली हात घातला. मान दुसरीकडे वळवली. आणि चावी डावीकडे फिरवली.

बाटलीतलं पाणी गदगदून उसळलं. परमार दचकला, फोजदार एक पाऊल मागे सरले. खोडाभाईला काही ऐकू आलं नाही. चावी शेवटाला अडली, तशी त्याने मनगटाला झटका देऊन ती आणखी आवळली, रोज चाकाचा नट आवळायचा त्या सवयीने.

"झालं," तो म्हणाला.

मोंघीबांनी तोंडावर हात घेतला.

बेननी फडकं काढलं. गोळी पार वर होती. खोडाभाई तिच्याकडे बघत राहिला. एकदा गोळीकडे, एकदा हाताकडे.

"साहेब," बेन सावकाश सांगू लागल्या, खोडाभाईला ऐकू जावं म्हणून मोठ्याने. "जीव घ्यायला चावी उघडणारा माणूस ती उघडतो आणि निघून जातो. शेवटाला लागल्यावर पुन्हा आवळत बसत नाही. आवळतो तो बंद करणारा. म्हणजे त्या माणसाला वाटत होतं, मी बंद करतोय. डावीकडे फिरवून कोण बंद करतं? ज्याने सोळा वर्षं उलट्या आट्यांचा नट आवळला आणि घरात कधी नळ पाहिला नाही, तो. पाण्याचा आवाज बांना ओट्यावर ऐकू आला. खोलीत असून कोणाला आला नाही? ज्याचे कान चाकाने खाल्लेत, त्याला."

"पण बेन," परमारच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडत होता, "मग त्याने जशीवर आळ का घेतला? स्वतःचं झाकायला?"

"नाही. तो खोटं बोलत नव्हता. मला काय म्हणाला आठवतं? 'चावी उघडली कोणी?' अहो, चावी तर कायम उघडीच असायची, एकवर. एवढी कोणी वाढवली, असं विचारायला हवं होतं. उघडली कोणी, असं तोच विचारील ज्याने ती बंद केली होती. निदान त्याची तशी खात्री होती."

खोडाभाई मटकन खाटेवर बसला. फोजदारांनी कागद काढला, पण लिहिलं काहीच नाही.

"सोमवारी तो मला म्हणाला," खोडाभाई आता हळू बोलत होता, "भाई, जशीला नाही जमत, तू कर. मी त्याला शिव्या दिल्या. मंगळवारी पुन्हा पाया पडला. पायाला हात लावायला वाकला, तर त्याचा श्वासच अडकला. मग मी केलं. त्याच्याकडे बघवेना, म्हणून मान फिरवली. नंतर बघितलं तर तो हसत होता, बेन. मला वाटलं, बंद झालं म्हणून हसला. तीनला आलो तर गोळी वर! मला वाटलं, सुटलो. माझ्या हातून नाही गेला. कोणीतरी पुन्हा उघडली, म्हणजे तिनेच मारलं. रात्री मी देवीला नारळ फोडला, माझ्या हातून नाही गेला म्हणून!"

तो हमसून रडू लागला. मोंघीबा उठून त्याच्यापाशी गेल्या आणि त्याचं डोकं पोटाशी धरलं. दुसरा पोरगाही चालला, हे म्हातारीला कळून चुकलं होतं. त्याची छातीही तसलीच वाजत होती.

"त्याला त्रास झाला?" खोडाभाईने विचारलं.

"खरंच बंद झाली असती तर झाला असता. तासन् तास, पाण्याबाहेरच्या माशासारखा," बेन म्हणाल्या. "तुमचा हात चुकला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला पोटभर हवा मिळाली. म्हणून हसला असेल. मग झोपला."

फोजदार राठवांनी टोपी घातली. "खोडाभाई, यावं लागेल. कोर्टात काय ते बघू. आणि जशीबेन, तुम्ही येऊ नका. पोरीला जवळ ठेवा."

जशीने तेजलला उचलून एवढं घट्ट धरलं की पोरगी ओरडली.

सिलिंडर अजून गदगदत होता. कोणाचंच लक्ष नव्हतं. दाराशी गेलेला खोडाभाई मागे वळला. त्याला आवाज येत नव्हता, पण उसळतं पाणी दिसत होतं. तो बंद करायला पुढे आला, हात चावीपाशी नेला आणि तिथेच थांबला. चाकाशी सोळा वर्षं न चुकलेला तो हात आता कुठे वळावा ते विसरला होता.

त्याने मान वर केली. "बा, तुझ्या वहूला विचार ना," तो म्हणाला. "कुठल्या बाजूला?"

मोंघीबांनी सुनेकडे पाहिलं. जशी पोरीला कडेवर घेऊन पुढे आली. तिने घुंगट मागे सारला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"उजवीकडे, मोटाभाई," ती म्हणाली, आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवून तिने चावी फिरवली.