सुश्रुतच्या चुलीचा धूर

लखनऊमधल्या विकास नगरच्या चौकात मी ई-रिक्षात चढले, तर सीटवर एक चूल बसलेली. खरंच सांगते. पत्र्याची, चांगली तेलाच्या डब्याएवढी, आणि शेजारी तिला दोन्ही हातांनी धरून एक चष्मेवाला.

"भैया, इसे नीचे रख दीजिए," मी म्हणाले.

"नीचे झटके लगेंगे. अंदर की ईंट टूट जाएगी."

"काय एकेक माणसं असतात…" मी स्वतःशीच पुटपुटले. "चूल ऐसपैस बसलीय, आणि आम्ही लटकायचं."

"लटकू नका. मी तिला मांडीवर घेतो," तो चक्क मराठीत म्हणाला आणि खरंच घेतली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जानेवारीतलं धुकं दाट होतं, त्यामुळे माझं तोंड त्याला नीट दिसलं नसेल अशी आशा होती. पण उतरलो तेही एकाच फाटकाशी. त्या चुलीची टेस्ट करणारी मीच होते.

मी अनघा, अमरावतीची. इथल्या एका प्रयोगशाळेत लाकडाच्या चुली तपासते. एवढं शिकून पोरगी लखनऊला जाऊन चूल का फुंकते, हे आमच्या आईला अजून उमगलेलं नाही. काम तसं साधं आहे. लाकूड तोलून घ्यायचं, पाणी मोजून घ्यायचं, पातेल्यावर झाकण ठेवायचं नाही. पाणी उकळायला किती लाकूड जळलं ते बघायचं. चुलीवर छत्रीसारखा एक मोठा पत्र्याचा टोप टांगलेला असतो, तो सगळा धूर वर ओढतो. त्या धुरातली काजळी पांढऱ्या कागदावर धरायची आणि कागद तोलायचा.

चष्मेवाल्याचं नाव सुश्रुत. वडील बँकेत, सांगलीचे. हा मात्र जन्मापासून लखनऊचा. चूल त्याने स्वतः बनवलेली. पास झाली तर गावांतल्या शाळांमध्ये जेवण शिजवायला जाणार होती.

"आणि नाही झाली तर?"

"पुणे. काकांचा कारखाना. बाबांनी बोल दिया है, आता बस झालं."

बनवणाऱ्याने चुलीला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. मी त्याला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं.

"ते जाड लाकूड जरा आत सरकवा ना…"

"बोलायचं नाही."

"बघितलं तर चालेल?"

"चुलीकडे बघा."

"तिला तर रोजच बघतो," तो म्हणाला.

मी तोंड फिरवून पुढचं लाकूड तोलायला घेतलं. धुराने त्याचे डोळे लाल झाले, पाणी वाहायला लागलं. मला बघवेना. मी मागची खिडकी जराशी उघडली.

चूल झकास पास झाली. कागद जवळजवळ पांढराच. त्या आनंदात त्याने मला चौकात नेऊन मक्खन मलाई, म्हणजे इथला थंडीतला दुधाचा गोड फेस, खाऊ घातली, आणि द्रोण संपेपर्यंत आम्ही तुम्हीवरून तूवर आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या वरच्या चौकटीवर मला काजळी दिसली. मी बोट फिरवून बघितलं, ताजी होती. जो धूर टोपात जायला हवा होता, तो वाऱ्याने ओढून खिडकीतून बाहेर नेला होता. कागद पांढरा राहणारच.

कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मी गप्प बसले असते तर सर्टिफिकेट निघालं असतं आणि सुश्रुत इथेच राहिला असता. बोलले तर तो पुण्याला जाणार. खोटं कशाला सांगू, पातेलं घासता घासता मी गप्प बसायचंच ठरवत होते. पण त्या चुलीपुढे शाळांमधल्या बायका रोज बसणार होत्या, त्यांच्यासाठी खिडकी कोण उघडणार होतं? मी आधी आमच्या प्रमुख वीणा मॅडमना सांगितलं, मग त्याला फोन केला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्यासाठी उघडलीस?"

"हो."

"अच्छा… फिर से टेस्ट कर."

खिडकी बंद ठेवून केली. कागद काळा आला. सुश्रुत चूल उचलून ई-रिक्षात बसला आणि निघून गेला. मला त्याचा राग नाही आला, माझाच आला. घरी येऊन मी भरपूर रडले.

नंतर त्याचा फोन नाही. तो पुण्याला गेला, असंच मी धरून चालले होते.

होळी झाली आणि एका सकाळी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा. हातात तीच चूल. वरच्या बाजूला हवेसाठी नवी भोकं पाडलेली, हाताला भाजल्याचे डाग.

"बाबांकडून एक शेवटचा चान्स मागून घेतलाय," तो म्हणाला. "तूच टेस्ट कर. तुझ्याइतकं सख्त दुसरं कुणी नाही."

"मी नाही करणार."

त्याचा चेहरा उतरला. "चुलीवर भरवसा नाही?"

"चुलीवर आहे. माझ्यावर नाही."

वीणा मॅडम टेबलावरून मान वर करून बघत होत्या. "अनघा, कारण सांगावं लागेल."

"मॅडम… बनवणारा आपल्या जवळचा असेल तर आपण टेस्ट करायची नाही, असं आहे ना?"

"आहे. मग हा तुझा कोण?"

माझे कान तापले. पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

"मला हा आवडतो, मॅडम," मी म्हणाले. "याला काय वाटतं… ते अजून विचारलेलं नाही."

सुश्रुत चूल तशीच उचलून धरून उभा होता. खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"मॅडम, टेस्ट तुम्हीच करा," तो म्हणाला. "हिला नाही करता येणार. मी हिच्या जवळचाच आहे. आणि फेल झाली तर साफ फेल लिहा. मी पुण्याला जाणार नाही, दुसरी बनवीन."

मॅडमनी त्याच्या हातातून चूल घेतली आणि आम्हा दोघांना बाहेरच्या बाकावर बसायला पाठवलं.