नटावरची पिवळी रेघ

चौकातला दिवा हिरवा झाला, आणि तिची नवी मोटारसायकल एक आचका देऊन जागच्या जागी बंद पडली. मागे भोंग्यांचा कल्लोळ उसळला. तिने पायाने गिअर वर ढकलला, खाली दाबला. पण न्यूट्रल नावाची वस्तू या यंत्राच्या पोटात घडवणाऱ्याने ठेवलीच नसावी, अशी तिची आता खात्रीच पटत चालली होती.

“क्लच पूर्ण दाबा,” शेजारच्या गाडीवरून कोणी म्हणाले.

“दाबलाय! आता काय बोटं मोडून घेऊ?”

तो उतरला. अंगात तेलाच्या डागांचा निळा डगला. त्याने तिची गाडी हलकेच मागे-पुढे झुलवली, बुटाच्या टोकाने गिअरला जेमतेम स्पर्श केला, आणि न्यूट्रलचा हिरवा ठिपका उजळला.

“नवी आहे, जरा लाजते.”

“तीन आठवडे? एवढं लाजणं बरं नव्हे! आणि हँडल सारखं डावीकडे ओढतं ते?”

“ही एवढी जड पेटी डावीकडेच बांधलीय तुम्ही. गाडी कलणार नाही तर काय?”

त्याचे म्हणणे खरे होते, म्हणूनच तिला अधिक राग आला. पेटीत औषधे होती. ती गुरांची डॉक्टर होती. डोंगरापलीकडच्या गोठ्यांचा फेरा नुकताच तिच्याकडे आला होता. गाडीने साथ दिली नाही तर तो फेरा दुसऱ्याकडे जाणार, आणि तिच्या वाट्याला पुन्हा दवाखान्यातले नोंदींचे टेबल येणार, हे ठरलेले होते. विक्रेत्याने पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंतची मुदत दिली होती: तोवर दोष गेला नाही, तर गाडी परत.

निळा डगला त्याच विक्रेत्याच्या कार्यशाळेतला मुख्य कारागीर निघाला. त्याने क्लचची सैल झालेली वायर ताणली, नट आवळला, आणि गिअर लोण्यातून सुरी फिरावी तसे पडू लागले. ती प्रसन्न मनाने घरी गेली. चौथ्या दिवशी... पुन्हा तेच. त्याने पुन्हा नट आवळला. तीन दिवसांनी पुन्हा तेच!

“तुमच्या हाताला गुण नाही,” ती कडाडली.

“गुण आहे, डॉक्टर. टिकत का नाही, तेवढंच कळत नाही.” असे म्हणून त्याने बारीक कुंचल्याने नट आणि त्याखालचे लोखंड यांवर मिळून एक पिवळी रेघ ओढली. नट तसूभर जरी फिरला, तरी रेघ दुभंगावी, ही त्याच्या गुरूची शिकवण होती.

गुरुवारी ती चौथ्यांदा कार्यशाळेत आली तेव्हा रेघ दुभंगलेली होती. त्याने ती बराच वेळ निरखली, आणि त्याच्या मुखावर एक स्मित उमटले, जे तिला मुळीच आवडले नाही.

“खरं सांगा हं... हा नट फिरवला कोणी?”

“म्हणजे?”

“पाऊण फेरा आपोआप होत नाही. हात लागतो त्याला.” तो कुंचला पुसू लागला. “म्हणजे... यायचंच असेल, तर गाडी न बिघडवताही येता येतं. चार वाजता चहा असतो इथे.”

तिचे कान तापले. “मी? तुमच्यासाठी? स्वतःच्या गाडीचं वाटोळं करून? भलताच गोड गैरसमज आहे तुमचा!”

त्याने नट आवळताच ती तरातरा निघून गेली. राग खरा होता. परंतु तो इतका का यावा, याचे उत्तर तिने वाटेत स्वतःलाही दिले नाही.

शुक्रवारी पहाटे खिडकीतून तिने पाहिले — अंगणात गाडीपाशी वडील उकिडवे बसले होते. हयातभर घड्याळे दुरुस्त केलेल्या त्या माणसाने डोळ्याला भिंग लावले होते, आणि दोन बोटांत तो नट होता.

“बाबा!”

“काही नाही गं...” ते ओशाळले. “रोज संध्याकाळी डावा हात गरम पाण्यात घालून बसतेस. म्हटलं, क्लचची दांडी जरा हलकी करावी. पण तो कारागीर दर वेळी घट्ट करून ठेवतो. हात बरा आहे त्याचा, स्वभाव हट्टी दिसतो.”

तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. गाडी घेतल्यापासून त्या गाडीविषयी एक शब्द न बोललेले हे वडील! “बाबा, दांडी सैल झाली की क्लच सुटतच नाही. म्हणून तर गिअर भांडतात!”

“म्हणजे तुझ्या हाताचा त्रास... मीच?”

ती त्यांना घेऊनच कार्यशाळेत गेली. दोघा कारागिरांनी वायर काढून तेल पाजले, दांडी तिच्या बोटांच्या मापाने जवळ आणली, नट नेमका आवळला. तासभर त्यांना तिची आठवणही नव्हती. शेवटी नवी रेघ ओढताना तो खालच्या मानेने म्हणाला, “गैरसमजाबद्दल माफ करा, डॉक्टर. आता गाडी बिघडायची नाही.”

हे आश्वासन त्याने एखादी दुःखद वार्ता सांगावी तशा स्वरात दिले.

शनिवारी चारला दहा मिनिटे कमी असताना दाराशी एक ओळखीचा आचका ऐकू आला. तो धावत बाहेर आला.

“पुन्हा न्यूट्रल येत नाही,” ती त्राग्याने म्हणाली. “वाटेत तीनदा बंद पडली!”

त्याने वाकून पाहिले. रेघ दुभंगली होती. “तरी बाबांना इतकं समजावून सांगितलं...”

“बाबांनी हात लावला नाही. दोन्ही हात बांधून अंगणात बसलेत, विचारा हवं तर.”

“मग?”

तिने डावा हात पुढे केला. अंगठ्यावर तेलाचा काळा डाग होता, आणि नखाच्या कडेला किंचित पिवळा रंग.

त्याने डाग पाहिला, आणि मग तिच्याकडे पाहिले.

“गाडी परत करत नाहीये मी,” ती दुसरीकडे पाहत म्हणाली. “नट आवळा आधी. आणि चहा असतो म्हणाला होतात ना — की तोही गैरसमजच?”