टाकीतली साखर

अनवरी खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली.

"ताई, माझ्या नवऱ्यानं कुणाच्या टाकीत साखर घातलेली नाही. आज पाचपर्यंत तेवढं सिद्ध करून द्या."

श्यामला नेवासकर यांनी हातातलं पेन ठेवलं. नाशकात द्वारकेजवळच्या दोन खोल्यांत त्यांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. शेजारी त्यांचे मदतनीस ढुंढिराज बसले होते. बँकेतून निवृत्त, मनानं चांगले. डोळ्यांसमोरची गोष्ट तेवढी त्यांना दिसत नसे.

"पाचच का?" श्यामलाताईंनी विचारलं.

"आडगाव नाक्याला जमीलचं गॅरेज आहे. पिंपळगावच्या एका द्राक्ष पॅकहाऊसच्या बाराही पिकअप त्याच्याकडे येतात. मखमलाबादच्या आक्काबाईंची नवी डिझेल पिकअप त्यानं परवा दुपारी सर्व्हिसिंग करून दिली. काल सकाळी द्राक्षं भरून निघाली आणि ओझरला बंद पडली. फिल्टर उघडला तर आत पांढरे खडे! आक्काबाईंनी गावभर केलं, जमीलनं साखर घातली म्हणून. पॅकहाऊसचे साहेब म्हणतात, पाचपर्यंत खरं कळलं नाही तर गाड्या दुसरीकडे."

"जमील काय म्हणतात?"

"काही नाही. शटर ओढून बसलाय. ओरडला असता तर बरं वाटलं असतं."

श्यामलाताई उठल्या. "चला."

आधी मुझफ्फर. त्याचं गॅरेज जमीलच्या बरोबर समोर, आणि बंद पडलेल्या गाडीचा फिल्टर त्यानंच उघडलेला.

"खडे मी काढले," तो हात पुसत म्हणाला. "पण साखर हा शब्द माझा नाही, आक्काबाईंचा. माझं जमीलशी पटत नाही, ते सगळ्या नाक्याला ठाऊक आहे."

"त्या बारा गाड्या आता तुमच्याकडे येतील."

"येतील तर येऊ देत. त्याच्यापेक्षा चांगलं काम करून आणायच्या होत्या मला. अशा नाही."

ढुंढिराजांनी वहीत लिहिलं: मुझफ्फर, दाट संशय.

मखमलाबादला पिकअप शेडमध्ये ओढून आणलेली होती. आक्काबाई दारातच उभ्या. वय सत्तर, लुगडं कडक, आवाज त्याहून कडक.

"डिटेक्टिव? बाई?"

"बागायतदार? बाई?" श्यामलाताईंनी विचारलं.

आक्काबाईंनी क्षणभर बघितलं आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा. चहा घ्या. पण तुमचा जमील सुटायचा नाय. मी त्याला चार माणसांत बोलले, त्याची खुन्नस काढली त्यानं."

चहा राहू देऊन श्यामलाताई गाडीभोवती फिरल्या. डिझेलच्या टाकीवर नवंकोरं निळं झाकण चमकत होतं, कुलूपवालं.

"डिझेल चोरतात मेले," आक्काबाई म्हणाल्या. "म्हणून गेल्याच आठवड्यात बसवलं. चावी ही माझ्या कमरेला. पंपावर बी मी सोबत जाते. कुणाला देत नाय."

"कधीच नाही?"

"कुणालाच नाय."

त्याच बाजूला आणखी एक लहान झाकण होतं. त्यावर बागेतला चिखल वाळून थापला होता. ढुंढिराजांनी नेमका तिथेच हात टेकला आणि मग रुमाल शोधत बसले.

"ते युरियाचं," ड्रायव्हर दिनेश म्हणाला. "ह्या नव्या गाड्यांना धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं. त्याची टाकी वेगळी."

"ते कधी भरलं?"

"गाडी आल्यापासून पहिल्यांदाच दिवा लागला होता. मी परवा संध्याकाळी बहिणीकडं हळदीला गेलो होतो, तेव्हा मयुरेशदादांनी भरलं म्हणत्यात. पण काल निघालो तरी दिवा पेटलेलाच. म्हटलं, दिवाच बिघडला आसंल."

"माझा नातू," आक्काबाईंची मान उंच झाली. "पुण्याला इंजिनीर हाय."

नातू मयुरेश पांढऱ्या शर्टात उभा होता. इंजिनिअर खरा, पण कॉम्प्युटरचा. त्यानं कोपऱ्यातली रिकामी बादली दाखवली. "दहा लिटर पूर्ण ओतलं मी. हवं तर बघा."

बादलीशेजारी नरसाळं पडलं होतं. त्याच्या कडेला बारीक पांढरे कण सुकून चिकटले होते. कुणाच्या तरी कपातला गोड चहा जमिनीवर सांडला होता आणि मुंग्यांची रांग नरसाळ्याला लागून, थेट चहाकडे चालली होती.

"मुंग्या फार झाल्यात हो तुमच्याकडे," ढुंढिराज म्हणाले. "खडू ओढा."

श्यामलाताईंनी मात्र त्या रांगेकडे बराच वेळ पाहिलं. मग अनवरीला म्हणाल्या, "जमीलना बोलवा. मुझफ्फरलाही. गाडीची चावी कुणी फिरवू नका."

चारला सगळे शेडमध्ये जमले. जमील दाराशीच थांबला.

"ढुंढिराज, साखर ठेवली तर मुंग्या काय करतात?" श्यामलाताईंनी विचारलं.

"खातात."

"ह्या नरसाळ्यावर पांढरे कण आहेत. मुंग्या शेजारून गेल्या, एकही वर चढली नाही. म्हणजे ही साखर नाही. युरियाचं पाणी सुकलं की असेच कण राहतात."

"मग? युरिया तर भरलाच होता," आक्काबाई म्हणाल्या.

"कुठे भरला? बादली रिकामी झाली, तरी दिवा पेटलेलाच. म्हणजे युरियाच्या टाकीत थेंबही गेला नाही." श्यामलाताईंनी ओलं फडकं घेऊन चिखलाचं झाकण पुसलं. चिखलाखालून निळा रंग निघाला. "हे झाकण गाडी आल्यापासून कुणी उघडलेलंच नाही. कुणीतरी सांगितलं असेल, निळ्या झाकणात ओत. आणि दिसायला निळं झाकण एकच होतं, चकचकीत, कुलूपवालं. आक्काबाई, चावी द्या."

कुलूप निघालं. डिझेलच्या टाकीच्या तोंडाला आतून पांढरं कडं धरलेलं होतं.

"डिझेलमध्ये युरिया गेला की त्याचे खडे फिल्टरात बसतात," मुझफ्फर हळूच म्हणाला. "गाडी चालणारच नाही."

"जमीलना ही टाकी उघडताच आली नसती, चावी तुमच्याकडे. तुम्ही ती कुणाला देत नाही." श्यामलाताई आक्काबाईंकडे वळल्या.

"नाय देत!"

"नातवाला?"

"तो काय कुणी हाय का? तो घरचा..." आक्काबाई मध्येच थांबल्या.

सगळे मयुरेशकडे वळले.

"मला काल दुपारीच कळलं होतं," तो म्हणाला. "फोनवर शोधलं मी. पण आजी, तू तोवर सगळीकडे जमीलचं नाव सांगून बसली होतीस. मग माझी हिंमतच झाली नाही."

"म्हणून त्याचं शटर खाली आणि तू इथं शर्टाला इस्त्री करून उभा?" आक्काबाई कडाडल्या.

त्यांनी त्याचं मनगट धरलं. "दिनेश, ट्रॅक्टरला दोर बांध. गाडी जमीलच्या गॅरेजवर. पंचवटीतनं ने, सगळ्यांना दिसू दे. मी पुढं बसते."

आडगाव नाक्यावर पाचला दहा मिनिटं असताना ती वरात पोचली. पॅकहाऊसचे साहेब मुझफ्फरच्या दारात घड्याळ बघत उभे होते, भोवती चार-पाच ड्रायव्हर. आक्काबाई खाली उतरल्या.

"ऐका रे. साखर नव्हती. माझ्या नातवानं डिझेलात युरिया ओतला, चावी मी दिली. जमीलवर मी खोटं बोलले. आता ही गाडी दुसरा कुणी उघडणार नाय."

साहेबांनी जमीलकडे पाहिलं, मग मान डोलावली.

जमीलनं शटर वर सारलं, पुठ्ठा गाडीखाली सरकवला आणि मयुरेशकडे बघून म्हणाला, "टाकी उतरवायला दोघं लागतात. चला, खाली."

पांढरा शर्ट गाडीखाली गेला.

तेवढ्यात पॅकहाऊसची एक पिकअप हॉर्न देत वळली. दारात ठाण मांडून बसलेल्या आक्काबाईंनी हात आडवा केला.

"हॉर्न कुणाला वाजवतो? मागं लाव. माझा नंबर आधी हाय."